पीएस४ चे जुने गेम पीएस५ वर चालतात का, आणि चालले तर आधीपेक्षा चांगले चालतात का?

चालतात. पीएस४ चे, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ चे, जवळजवळ सगळे गेम पीएस५ वर चालतात. चार हजारांवर गेमपैकी ९९ टक्के चालतील असं सोनीनेच सुरुवातीला सांगितलं होतं, आणि न चालणाऱ्यांची जी दहाएक नावं जाहीर झाली त्यातली बहुतेक तुम्ही ऐकलेलीही नसतील. त्यामुळे ती काळजी सोडा.

पण तुम्ही पुढे जे विचारलंय ते जास्त महत्त्वाचं आहे: पीएस४ वर अडखळणारे गेम पीएस५ वर सुरळीत पळतील का, कपाटातल्या पीएस३ च्या डिस्कचं काय करायचं, आणि मित्र म्हणतोय तसा एक्सबॉक्स घ्यावा का. यातल्या पहिल्याचं उत्तर गेमगणिक बदलतं. दुकानदार ‘सगळं ६० एफपीएसला चालतं साहेब’ म्हणाला तर मान डोलवा आणि घरी येऊन स्वतः तपासा. (एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, म्हणजेच फ्रेम. जितक्या जास्त तितका गेम सुरळीत.)

पीएस४ आला २०१३ मध्ये. त्यातला प्रोसेसर म्हणजे एएमडी या चिप कंपनीचे जॅग्वार जातीचे आठ कोर, वेग १.६ गिगाहर्ट्झ. त्या काळातही तो हलकाच होता, स्वस्त लॅपटॉपच्या तोडीचा. पीएस५ मध्ये आठच कोर आहेत, पण एएमडीच्याच नव्या झेन २ जातीचे आणि ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे. दोन्ही एकाच घराण्यातले असल्याने जुन्या गेमच्या सूचना नव्या प्रोसेसरला थेट कळतात, मध्ये दुभाषा लागत नाही. ग्राफिक्सच्या बाजूला तर सोनीने मुद्दाम जुळवून घेतलंय. साध्या पीएस४ मध्ये चित्र काढणारी १८ कंप्यूट युनिट होती, पीएस४ प्रो या त्याच्या ताकदवान भावात ३६, आणि पीएस५ मध्येही बरोबर ३६. जुना गेम लावला की पीएस५ ची चिप पीएस४ किंवा प्रोसारखी वागायला लागते, आणि गेमला आपण नव्या घरात आलोय याचा पत्ताही नसतो. प्रोमध्ये ती युनिटं ९११ मेगाहर्ट्झने पळायची, पीएस५ मध्ये २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत पळू शकतात. याच वाढीव वेगाला सोनी ‘गेम बूस्ट’ म्हणते.

आता खरी गोम. एवढी ताकद असूनही कित्येक गेम पीएस५ वर ३० एफपीएसलाच चालतात, कारण ३० ची मर्यादा गेममध्येच घातलेली असते. एसटीच्या गाडीला स्पीड लॉक असतो ना, तसं. इंजिन नवं टाकलं तरी लॉक काढल्याशिवाय गाडी त्यापुढे जायची नाही. म्हणून प्रत्येक गेमबद्दल एकच विचारायचं: पीएस४ वर तो यंत्राच्या अशक्तपणामुळे अडत होता, की बनवणाऱ्यांनीच त्याला बांधून ठेवला होता?

पहिल्या जातीचे गेम पीएस५ वर आपोआप सुधारतात. ‘इन्फेमस सेकंड सन’मध्ये फ्रेम मोकळ्या सोडायचा पर्याय होता. पीएस४ वर तो धड चालायचा नाही, पीएस५ वर त्याच पर्यायात ६० मिळतात. ‘डार्क सोल्स ३’ आणि ‘सेकिरो’ची हीच कथा. कोणी काही नवीन केलं नाही, फक्त दम पुरा पडला.

दुसऱ्या जातीचा नमुना म्हणजे ‘ब्लडबोर्न’, २०१५ चा. मर्यादा ३० ची, आणि प्रोसाठी कधी पॅचही, म्हणजे गेम सुधारणारं अपडेटही, आला नाही. त्यामुळे पीएस५ वरही तो १०८० पी आणि ३० एफपीएस. त्यात आणखी एक खोड आहे, जी पुष्कळांना जाणवते पण बोट ठेवता येत नाही. टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. गेम ३० चा असेल तर प्रत्येक फ्रेम दोन वेळा, म्हणजे ३३ मिलिसेकंद दिसायला हवी. ब्लडबोर्नमध्ये एखादी फ्रेम १६ मिलिसेकंदच दिसते आणि पुढची ५० पर्यंत रेंगाळते. सरासरी काढली तर हिशेब ३० चाच भरतो, पण कॅमेरा फिरवताना डोळ्यांना धक्के बसतात. त्यातल्या यार्नम शहराच्या गल्ल्यांत रस्त्याच्या कडेला उभं राहून कंट्रोलरची उजवी काठी सावकाश फिरवून बघा, इमारतींच्या कडा कशा थरथरत सरकतात ते दिसेल. कुठलंही नवं यंत्र हे दुरुस्त करू शकत नाही, कारण ही चूक वेळापत्रकाची आहे. पीएस५ ने लोडिंग कमी होतं एवढाच दिलासा. त्या गेममध्ये आपण मरतो किती ते पाहता तोही मोठाच म्हणा.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ चंही तेच. पीएस५ वर प्रोचीच आवृत्ती चालते, ३० एफपीएसला, आणि प्रोवर दिसायचं तसंच किंचित पुसट चित्र मोठ्या ४के टीव्हीवर आणखी नजरेत भरतं.

कुलूप काढायचा रस्ता म्हणजे कंपनीने नवा पॅच देणं. काहींनी मोकळ्या मनाने दिलाय. ‘गोस्ट ऑफ त्सुशिमा’ला पीएस५ येतानाच ६० मिळाले. ‘गॉड ऑफ वॉर’चा पॅच आला २ फेब्रुवारी २०२१ ला, ज्या दिवशी पीएस५ भारतात विकायला लागला त्याच दिवशी. त्याच वर्षी मे महिन्यात ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ आणि ऑगस्टमध्ये ‘होरायझन झीरो डॉन’. युबीसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतल्या ‘ऑडिसी’ आणि ‘ओरिजिन्स’ दोन्हींना दिले. हे सगळे फुकट. ‘अनचार्टेड ४’च्या बाबतीत मात्र २०२२ मध्ये वेगळा संच काढला आणि जुन्या गिऱ्हाइकांकडूनही वरचे पैसे घेतले. जिथे पुन्हा विकायची आशा असते तिथे फुकट पॅच येत नाही, असा माझा स्पष्ट समज आहे. ब्लडबोर्नची नवी आवृत्ती निघेल या आशेवर त्याचे चाहते कधीपासून बसलेत ते तुम्हाला माहीतच असेल.

तुमच्याकडे डिस्क आहेत म्हणून एक गंमत सांगतो, ती डाउनलोडवाल्यांच्या नशिबी नाही. काही गेमच्या डिस्कवरच्या पहिल्या आवृत्तीत ३० ची मर्यादा नव्हती, ती नंतरच्या अपडेटने घातली. पीएस४ ला झेपत नव्हतं म्हणून तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. ‘द लास्ट गार्डियन’ हे ठळक उदाहरण. पीएस५ चं इंटरनेट बंद करा, गेम आधी टाकलेला असेल तर पूर्ण पुसा, मग डिस्कवरून टाका आणि अपडेट घेऊ नका. तोच गेम ६० ला चालतो. तो लांब मानेचा, पिसांचा अजस्र प्राणी खांब उतरून खाली येतो तो प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत पाहा, पिसांच्या हालचालीतला फरक लगेच दिसतो. अर्थात अपडेटमधल्या इतर दुरुस्त्यांवर पाणी सोडावं लागतं.

याच्या उलट मासलाही आहे. ‘एल्डन रिंग’ पीएस५ साठी वेगळा बनवलाय, पण त्यात फ्रेम ६० वर टिकत नाहीत, मोकळ्या रानात खाली घसरतात. पीएस५ वर मुद्दाम त्याची पीएस४ आवृत्ती टाकली तर चित्र थोडं साधं, गवत विरळ, पण ६० जवळजवळ पक्के. ज्याला बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, तलवारीतून नेमक्या क्षणी लोळण घ्यायची आहे त्याने गवत मोजत बसू नये. मी तरी पीएस४ चीच आवृत्ती सुचवीन. तिचा सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पुढे पीएस५ च्या आवृत्तीत नेता येतो, परत आणता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

नव्या यंत्रावर बिघडलेले गेम फार थोडे. ‘असॅसिन्स क्रीड सिंडिकेट’चं पीएस५ वर कित्येक दिवस चित्र लुकलुकायचं, ते २०२४ च्या नोव्हेंबरात दुरुस्त झालं. त्याच वेळी ६० ही दिले.

लोडिंगबद्दल अपेक्षा माफक ठेवा. पीएस४ च्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा ते निश्चितच कमी होतं, पण पीएस५ च्या स्वतःच्या गेमसारखं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होत नाही. डेटा झटपट वाचला जातो, तो उलगडून मांडायचं काम मात्र गेम जुन्याच पद्धतीने करतो. म्हणूनच पीएस४ चे गेम यूएसबीच्या बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा आणि आतली महागडी जागा पीएस५ च्या गेमना द्या. पीएस४ चे गेम बाहेरच्या ड्राइव्हवरून थेट चालतात, पीएस५ चे चालत नाहीत.

आता मित्राच्या एक्सबॉक्सकडे. जुन्या गेमच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टचं काम सोनीपेक्षा सरस आहे, हे प्लेस्टेशनवाला असूनही मी कबूल करतो. त्यांनी ‘एफपीएस बूस्ट’ नावाचं तंत्र २०२१ मध्ये आणलं, ज्यात गेमचा कोड न बदलता यंत्राच्या पातळीवरच फ्रेम दुप्पट करतात. ‘फार क्राय ४’, ‘वॉच डॉग्ज २’ असे पहिले पाच गेम होते. म्हणजे स्पीड लॉक गॅरेजवाल्यानेच बाहेरून सैल केला. सोनीकडे असलं काही नाही. शिवाय एक्सबॉक्स ३६० चे गेमही चालतात, आणि त्याचा प्रोसेसर तर पूर्ण वेगळ्या जातीचा, पॉवरपीसी. तिथे दुभाषा लागतोच, आणि तो त्यांनी २०१५ पासून घडवत आणला. पहिल्या एक्सबॉक्सचेही काही गेम २०१७ पासून आले. पण डिस्क घातली म्हणजे डिस्कवरचा गेम चालतो असं नाही. डिस्क फक्त मालकीचा पुरावा, गेमची नवी बांधलेली प्रत इंटरनेटवरून उतरते. यादीत नसलेल्या गेमची डिस्क म्हणजे चकती. आणि ती यादी नोव्हेंबर २०२१ च्या ७६ गेमनंतर थांबली. परवाने, कायदेशीर बाबी आणि तांत्रिक अडचणी यामुळे पुढे जाता येत नाही, असं तेव्हा कंपनीने सांगितलं. तरी तुमच्याकडे एक्सबॉक्सची एकही डिस्क नाही, मग एवढ्यासाठी तिकडे उडी मारण्यात मला अर्थ दिसत नाही. मारलीच तर एक्सबॉक्स सीरीज एस ला डिस्क ड्राइव्ह नसतो, हे ध्यानात ठेवा.

पीएस३ च्या डिस्कसाठी मात्र वाईट बातमी. त्या पीएस५ मध्ये चालत नाहीत. पीएस३ च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोर आणि गेमना वापरायला सहा छोटे मदतनीस, प्रत्येकाकडे स्वतःची अवघी २५६ केबी स्मृती, आणि कोणी काय कधी आणायचं याचा सगळा हिशेब गेम लिहिणाऱ्याने हाताने मांडलेला. हा संसार दुसऱ्या प्रोसेसरवर जसाच्या तसा उभा करणं भलतं कष्टाचं काम. परदेशात प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीच्या प्रीमियम योजनेत पीएस३ चे गेम स्ट्रीम करून, म्हणजे कंपनीच्या यंत्रावर चालवून इंटरनेटवरून, देतात. भारतात त्या जागी ‘डिलक्स’ योजना आहे, तिच्यात स्ट्रीमिंग नाही, म्हणजे पीएस३ चे ते गेमही नाहीत. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून पुष्कळजण इथे फसतात. पीएस३ चालू असेल तर जपा.

घेताना डिस्क ड्राइव्हवालाच पीएस५ घ्या. २०२३ पासूनच्या पीएस५ स्लिममध्ये ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, पण तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. पीएस४ चा कंट्रोलर टाकू नका, तो पीएस५ वर पीएस४ च्या गेमना चालतो, पीएस५ च्या गेमना चालत नाही. पाहुण्यांसाठी बरा.

सगळं आणल्यावर पहिलं काम, दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर किंवा केबलने जोडून सेव्ह हलवणं. ते पूर्ण झालं आणि पीएस५ वर एकदा गेम उघडून पाहिला की मगच पीएस४ ची जाहिरात टाका. फक्त त्यावर २०१४ मध्ये फुकट मिळालेला ‘पी. टी.’ हा छोटा भयगेम अजून असेल तर तो पीएस४ विकू नका. तो दुकानातून २०१५ मध्येच काढला, पुन्हा उतरवता येत नाही, आणि पीएस५ वर तो चालूही देत नाहीत.