वाचक विचारतात : मुष्टियुद्धातली उत्तेजक चाचणी

प्रश्न : रायन गार्सियाने डेव्हिन हेनीला तीनदा खाली पाडून लढत जिंकली आणि दोन महिन्यांनी ती जीत काढून घेतली. मग त्याला रिंगमध्ये उतरूच का दिलं? (एक वाचक, मालवण)

उत्तर : उतरला तेव्हा अहवाल कुणाच्याच हातात नव्हता. नमुने घेतले १९ एप्रिल २०२४ ला आणि लढतीच्या दिवशी, २० ला. प्रयोगशाळेला दिवस लागतात. त्यात ऑस्टारिन हे स्नायू वाढवणारं बंदी असलेलं द्रव्य सापडलं. गार्सियाने हक्काने ‘बी’ बाटली, म्हणजे त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी बाटली, तपासायला लावली, तीही पॉझिटिव्ह निघाली. जूनमध्ये लढतींवर देखरेख ठेवणाऱ्या न्यूयॉर्कच्या क्रीडा कमिशनने एक वर्षाची बंदी घातली, १० हजार डॉलर दंड केला, सुमारे ११ लाख डॉलरचं मानधन सोडायला लावलं आणि निकाल ‘नो कॉन्टेस्ट’ केला, म्हणजे कुणीच जिंकलं नाही असं धरलं. हेनीच्या नावावरची हार पुसली गेली, पण जीत त्यालाही मिळाली नाही.

या लढतीत नमुने घेतले ते लास व्हेगासच्या ऐच्छिक ‘वाडा’ (VADA) या उत्तेजकविरोधी संस्थेने. ऑलिम्पिकवाली जागतिक ‘वाडा’ (WADA) वेगळी. मराठीत दोन्ही नावं सारखीच लिहिली जातात, म्हणून बातम्यांत घोळ होतो. ही ऐच्छिक संस्था फक्त अहवाल कळवते, बंदी घालू शकत नाही. शिक्षा द्यायची ती जिथे लढत आहे तिथल्या कमिशनने किंवा मंडळाने. म्हणून २०२२ मध्ये ब्रिटिश मुष्टियोद्धा कॉनर बेनच्या नमुन्यात क्लोमिफीन हे बंदी असलेलं औषध सापडलं तरी प्रकरण २०२४ पर्यंत लोंबकळलं. डब्ल्यूबीसी या जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने तर ‘अतिरेकी अंडी खाल्ल्याने असू शकतं’ हेही ग्राह्य धरलं! शेवटी बेनवरची बंदी उठली.

प्रश्न : भाचा व्यावसायिक लढतीत उतरतोय. नमुना देताना कुठे चुकतं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बहुतेकदा पाण्यात. वजनासाठी दोन दिवस घाम गाळायचा, काटा झाला की शहाळ्यांवर शहाळी रिचवायची. मग लघवी इतकी पातळ होते की नमुना चालत नाही. निदान ९० मिली लागते आणि नमुना १५० मिलीपेक्षा कमी असेल तर विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे त्याचं माप) १.००५ च्या खाली गेलं की पुन्हा बसा, कितीही रात्र होवो. थोडं थोडं प्यावं.

भांडं आणि बाटल्यांचा संच भाच्यानेच निवडायचा, सील आधी निरखायचं. लघवी अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर करावी लागते. लाजून उपयोग नाही. आधी ‘बी’ बाटलीत ३० मिली, मग ‘ए’त निदान ६०, तळाशी थोडी उरवायची, गुरुत्व त्यावरच पाहतात. झाकणं त्यानेच आवळायची आणि बाटलीवरचा क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकाशी जुळवूनच सही करायची. प्रयोगशाळेला नाव कळत नाही, हा क्रमांकच कळतो. गेल्या सात दिवसांतली औषधं, पावडरी, काढे सगळं फॉर्मवर लिहावं. लिहिल्याने दोष जात नाही, पण लपवलं असं तरी कुणी म्हणत नाही.

वजन उतरवायला कुणी ‘पाणी काढायची गोळी’ देऊ केली, तर ती फ्युरोसेमाइड असण्याची शक्यता मोठी. ते कायम बंदीच्या यादीत आहे, लढत असो वा नसो. खरंच आजारासाठी हवं असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागावी लागते. जिमच्या डब्यातली पावडर घेतलीच, तर बॅच नंबरासकट डबा आणि पावती जपून ठेवा. भेसळ होती हे सिद्ध करायची वेळ आली तर दुकानदार तेव्हा ओळखही दाखवणार नाही.