वाचकांचे प्रश्न : ग्रंथालयाचे ई-पुस्तक ई-रीडरवर उघडत नाही

प्रश्न : ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून एक ई-पुस्तक घेतले. संगणकावर ‘.एसीएसएम’ असा शेवट असलेली फाइल उतरली. ती केबलने ई-रीडरमध्ये टाकली, पण तिथे पुस्तक दिसतच नाही. फाइल फार लहान आहे. पुस्तक अर्धवट उतरले असेल का?

उत्तर : पुस्तक अर्धवट नाही, ते अजून उतरलेलेच नाही. एसीएसएम फाइल काही किलोबाइटचीच असते, कारण तिच्यात पुस्तकाचा मजकूर नसतो. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिलीत, तर पुस्तकाचे नाव, सर्व्हरचा पत्ता आणि मुदतीची तारीख एवढाच तपशील दिसेल. सामान ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ती आहे. बिल्ला योग्य खिडकीवर दाखवल्यावरच सामान हाती येते.

ही खिडकी म्हणजे ‘अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स’ हा मोफत प्रोग्राम. तो संगणकावर घेऊन सुरू केला की प्रथम संगणक अधिकृत करण्यासाठी अ‍ॅडोबी आयडी मागितला जातो. त्याच चौकटीत आयडीशिवाय पुढे जाण्याचाही पर्याय असतो आणि घाईत अनेकजण तोच निवडतात. तसे केल्यास पुस्तक त्या संगणकावर व्यवस्थित उघडते, पण ई-रीडरवर नेता येत नाही. आणि सर्व काही सुरळीत झाल्यासारखे वाटल्याने अडचण नेमकी कुठे आहे, हे पुढे कितीतरी वेळ ध्यानातच येत नाही. म्हणून मोफत अ‍ॅडोबी आयडी आधी काढून घ्यावा आणि संगणक त्याच आयडीने अधिकृत करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर एसीएसएम फाइल या प्रोग्राममध्ये उघडली की खरे पुस्तक ईपब किंवा पीडीएफ स्वरूपात उतरते. मग ई-रीडर केबलने जोडावा, त्याच्या पडद्यावर जोडणीची परवानगी विचारली तर ती द्यावी आणि प्रोग्रामच्या डाव्या रकान्यात त्याचे नाव दिसू लागले की पुस्तक ओढून त्या नावावर सोडावे. पहिल्या वेळी तरी हे काम याच प्रोग्राममधून करावे, कारण ई-रीडरही त्याच आयडीने अधिकृत होणे आवश्यक असते. नाव दिसत नसेल, तर केबल बदलून पाहावी; काही केबलमधून फक्त चार्जिंग होते, फाइली जात नाहीत. एसीएसएम फाइलीलाही स्वतःची मुदत असते. ती उलटून गेली असेल, तर ग्रंथालयाच्या खात्यातून फाइल पुन्हा उतरवून घ्यावी.

प्रश्न : आमच्या घरी संगणक एक आणि ई-रीडर दोन आहेत. माझ्या कार्डावर घेतलेले पुस्तक उघडताना ‘हे पुस्तक दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावे आहे’ अशा अर्थाची सूचना येते. फाइल पुन्हा उतरवली, तरी तेच.

उत्तर : ग्रंथालयाचे कार्ड आणि अ‍ॅडोबी आयडी यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे इथे लक्षात घ्यावे. एसीएसएम फाइल ज्या आयडीखाली प्रथम उघडली जाते, त्या आयडीच्या नावे पुस्तकाचा परवाना बांधला जातो. तुमचा संगणक घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या आयडीने अधिकृत झालेला असणार आणि ई-रीडर तुमच्या. पुस्तक एकदा दुसऱ्या आयडीला बांधले गेले की तेच पुन्हा उतरवून उपयोग होत नाही. ते मुदतीआधी परत करावे, प्रोग्रामच्या मदत मेनूतून संगणकाचे अधिकृतीकरण पुसावे, तुमच्या आयडीने नव्याने अधिकृत करावे आणि मगच पुस्तक पुन्हा घ्यावे. मात्र आयडीशिवाय उतरवलेली जुनी पुस्तके त्या संगणकावर असतील, तर अधिकृतीकरण पुसल्यावर ती उघडणार नाहीत. आधी ती पाहून घ्या.

दोन्ही ई-रीडरसाठी घरात एकच आयडी ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते. एका आयडीवर 6 संगणक आणि 6 वाचन-उपकरणे अधिकृत करता येतात. संगणक टाकून देण्यापूर्वी त्याचे अधिकृतीकरण पुसायला विसरू नये, नाहीतर ही मर्यादा नकळत भरत जाते, आणि एकदा ती भरली की अ‍ॅडोबीच्या ग्राहक-साहाय्य विभागालाच विनंती करावी लागते.

प्रश्न : ई-रीडरची बॅटरी पूर्ण संपली होती. चार्ज केल्यावर, मुदत शिल्लक असूनही, पुस्तकाची मुदत संपल्याचे दाखवते.

उत्तर : ई-रीडरची तारीख पाहा. मुदत संपली की नाही, हे उपकरण स्वतःच्या घड्याळावरून ठरवते आणि बॅटरी पूर्ण उतरल्यावर ते घड्याळ चुकू शकते. सेटिंगमध्ये तारीख, वेळ आणि कालविभाग दुरुस्त करा किंवा वाय-फाय जोडून ती आपोआप जुळू द्या. मुदत खरोखरच संपल्यावर फाइल उपकरणात दिसत राहते, पण उघडत नाही. तेच पुस्तक पुन्हा घ्यायचे असेल, तर जुनी प्रत संगणक आणि ई-रीडर या दोन्हींवरून आधी काढून टाका, म्हणजे चुकून तीच उघडण्याचा घोळ होणार नाही.

प्रश्न : हीच पद्धत किंडलवर चालेल का?

उत्तर : नाही. किंडल अ‍ॅडोबीचे कुलूप, म्हणजे परवान्याशिवाय पुस्तक उघडू न देणारी सुरक्षा, ओळखत नाही. ‘सेंड टू किंडल’ सेवा 2022 पासून ईपब स्वीकारते, पण फक्त बिनकुलपाची. अमेरिकेतील ग्रंथालयांची पुस्तके ओव्हरड्राइव्ह या ग्रंथालयांना ई-पुस्तके पुरवणाऱ्या सेवेमार्फत किंडलवर घेण्याची सोय 2011 पासून आहे, पण ती वेगळ्या मार्गाने चालते आणि तिथे एसीएसएम फाइल लागत नाही. आपल्या ग्रंथालयाला ती सोय नसेल, तर किंडलशी झटापट करण्यापेक्षा ग्रंथालयाचे अ‍ॅप फोनवर किंवा टॅब्लेटवर वापरावे. नवा ई-रीडर घेणार असाल, तर ग्रंथालय कोणत्या पद्धतीचे कुलूप वापरते, हे आधी विचारून घ्या. काही ग्रंथालये अ‍ॅडोबीऐवजी एलसीपी ही पद्धत वापरतात. तिच्यात आयडीऐवजी परवलीचे वाक्य द्यावे लागते, आणि ती सगळ्याच ई-रीडरवर चालत नाही.