पाणपक्ष्यांना न उडवता त्यांच्या जवळ कसे जावे?

कितीही हळू चालले तरी ३०-४० पावलांवर पोहोचताच बदके उडून जातात, असे आपण लिहिले आहे. माझ्या अनुभवात नुसते हळू चालून भागत नाही. बदकांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना मान न वळवताही जवळजवळ चहूकडचे दिसते. तेव्हा त्यांच्या नजरेतून सुटण्याची आशा सोडावी आणि आपण त्यांच्यावर चालून येत नाही, एवढे त्यांना कळू द्यावे. थव्याच्या रोखाने सरळ न जाता तिरके, थांबत थांबत, टक लावून न पाहता पुढे सरकावे. बांधावर उभे राहणे तर कटाक्षाने टाळावे, कारण तिथे माणसाची आकृती आकाशावर ठळक उमटते.

सारे लक्ष पक्ष्यांच्या मानांकडे असावे. चरता चरता एखादे बदक मान ताठ करते आणि तसेच स्तब्ध राहते, मग शेजारच्या दोघातिघांच्या माना वर येतात आणि थवा आपल्यापासून दूर पोहू लागतो. उडण्याची तयारी तेव्हाच सुरू झालेली असते. म्हणून पहिली मान वर येताच जागच्या जागी थांबावे, जमल्यास खाली बसावे आणि चोची पुन्हा पाण्यात जाईपर्यंत, मग १० मिनिटे का लागेनात, हलू नये. पुढे सरकल्यावर पुन्हा तसेच झाले, तर मी तिथूनच मागे फिरतो. लांबचे स्थलांतर करून आलेल्या पक्ष्याला विनाकारण उडवले की त्याचा चरण्याचा वेळ जातो आणि अंगातली चरबीही खर्ची पडते. जवळपास टिटवी असल्यास तिच्यापासून विशेष लांब राहावे, कारण ती ओरडली की सगळे पाणवठे सावध होतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे जवळ जाऊच नये. उजाडण्यापूर्वी झुडपाआड, उगवतीकडे पाठ करून बसावे. असाच बसलो असताना एक शेकाट्या, म्हणजे लांब लाल पायांचा पाणपक्षी, चरत चरत इतका जवळ आला होता की त्याच्या चोचीच्या टोकावरून ओघळणारा थेंब दुर्बिणीशिवाय दिसत होता.

विणीच्या काळात मात्र हे प्रयोग करू नयेत. टिबुकली, म्हणजे पाण्यात बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी; ती घरटे सोडताना अंड्यांवर पाणवनस्पती ओढून ती झाकते. कुणी अचानक समोर आले तर तिला तेवढीही सवड मिळत नाही आणि अंडी उघडी पडतात. पाण्यावर तरंगणारे घरटे दिसले की मी आलेल्या वाटेनेच परत जातो.