टेम्प्लेट माणसाचं, रिसेप्टर बोंडअळीचा

प्रश्न: एम.एस्सी. बायोटेकच्या प्रोजेक्टसाठी बोंडअळीच्या ऑक्टोपामाइन रिसेप्टरचं, म्हणजे ऑक्टोपामाइन हा कीटकांमधला संदेशवाहक रेणू पकडणाऱ्या प्रथिनाचं, मॉडेल करतेय. त्याचं स्वतःचं एक्स-रे स्ट्रक्चर सापडलं नाही म्हणून माणसाच्या बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टरचं २००७चं स्ट्रक्चर टेम्प्लेट (साचा) म्हणून घेतलं. रामचंद्रन प्लॉट मस्त आलाय, पण ऑक्टोपामाइन डॉक केलं (कॉम्प्युटरवर रिसेप्टरमध्ये बसवून पाहिलं) की दर वेळी भलतीकडेच जाऊन बसतं. कुठे चुकतंय? (एक वाचक, परभणी)

उत्तर: अगं, रामचंद्रन प्लॉट चांगला आला म्हणजे प्रथिनाच्या मुख्य साखळीचे (बॅकबोनचे) कोन ठीक आहेत एवढंच, पॉकेट (रेणू बसायची खाच) बरोबर आहे की नाही हे तो सांगतच नाही! मला तर टेम्प्लेटवरच शंका आहे. २००७च्या त्या स्ट्रक्चरमध्ये कॅराझोलॉल बसलंय, म्हणजे रिसेप्टर बंद ठेवणारं औषध, आणि तू डॉक करतेयस ते रिसेप्टर चालू करणारं रेणू. रिसेप्टर चालू झाला की पाचव्या हेलिक्सवरची (रिसेप्टरच्या सात मळसूत्री दांड्यांपैकी पाचवी) सेरीन ही अमिनो आम्लं साधारण २ अँगस्ट्रॉम आत सरकतात, पॉकेट आवळतं. तुझ्या मॉडेलमध्ये ते सैल राहिलंय, मग छोटंसं ऑक्टोपामाइन त्यात डुगडुगणारच ना. त्याच रिसेप्टरचं अ‍ॅड्रेनालिनसकट स्ट्रक्चर २०१३ला आलंय, ते घे. आयडेंटिटी (अमिनो आम्लांचा क्रम किती जुळतो ते) तेवढीच राहील, मॉडेल वेगळं येईल.

मग अलाइनमेंट (दोन्ही रिसेप्टरचे अमिनो आम्लांचे क्रम एकाखाली एक जुळवणं) हाताने बघ, हे काम कंटाळवाणं आहे पण सॉफ्टवेअरवर सोडू नकोस. तिसऱ्या हेलिक्सवर बीटा-२ मध्ये ११३ नंबरचं अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल आहे, रेणूच्या अमाइन (नायट्रोजनच्या) टोकाला तेच धरून ठेवतं, तुझ्या रिसेप्टरमधलं अ‍ॅस्पार्टेट बरोब्बर त्याच्याच खाली आलं पाहिजे. हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, म्हणजे अलाइनमेंट एक घर जरी सरकली तरी साइडचेन (अमिनो आम्लाची बाजूची फांदी) १०० अंश फिरते आणि पॉकेटकडे तोंड असलेलं अ‍ॅस्पार्टेट सरळ बाजूला वळतं.

आणि पेशीबाहेरचा दुसरा लूप (दोन हेलिक्सना जोडणारा तुकडा) टेम्प्लेटवरून जसाच्या तसा उचलू नकोस. २००० साली गाईच्या ऱ्होडॉप्सिनचं (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या रिसेप्टरचं) स्ट्रक्चर आलं, पुढची काही वर्षं सगळे त्यावरूनच बीटा-२ची मॉडेलं करत होते. ऱ्होडॉप्सिनमध्ये हा लूप रेटिनलवर (त्याच्या पॉकेटमधल्या रेणूवर) झाकणासारखा बसलाय. २००७ला खरं बीटा-२ दिसलं तर तिथे छोटंसं हेलिक्स निघालं आणि पॉकेटचं तोंड चक्क उघडं! सात हेलिक्स बऱ्यापैकी जमले होते, लूपनेच घात केला.

अल्फाफोल्डचं (प्रथिनाच्या आकाराचा अंदाज देणाऱ्या एआय सॉफ्टवेअरचं) मॉडेलही काढून शेजारी ठेव, फक्त अल्फाफोल्ड-२ लिगँड (पॉकेटमध्ये बसणारा रेणू) धरत नाही, पॉकेट रिकामं देतं, आणि लूपमध्ये त्याचा खात्रीचा स्कोअर (pLDDT) ७०च्या खाली असेल तर त्यावर विसंबू नकोस. अमाइन अ‍ॅस्पार्टेटपाशी आणि ओएच सेरीनकडे जातोय का ते आधी बघ, डॉकिंगचे स्कोअर त्यानंतर.