आधी एक साधी सकाळ लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

'द क्रिएटर' पाहून तू लिहिलंस, "फ्रेम न् फ्रेम भिंतीवर लावावी अशी, पण संपल्यावर काहीच वाटलं नाही." असं का झालं, याचा माग काढ. तुझ्या पटकथेत वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर तुला उद्याचं नागपूर उभं करायचंय, तेव्हा हा प्रश्न तुझाही आहे.

जे जमलंय त्याला आधी दाद देऊ. गॅरेथ एडवर्ड्‌सने २०२३चा हा चित्रपट मुख्यतः सोनी एफएक्स३वर काढला. आपल्याकडे लग्नाचं शूटिंग करणारेही हा कॅमेरा वापरतात. थायलंडसारख्या ठिकाणी खऱ्या जागी, खऱ्या उजेडात शूट केलं आणि यंत्रं, इमारती नंतर त्यावर चढवल्या. म्हणून ते जग खोटं वाटत नाही. ही पद्धत बिनधास्त उचल. तुझ्या गोष्टीतलं करपलेलं शहर कॉम्प्युटरवर कशाला बनवायचं? मे महिन्यात दुपारी दोनला धरमपेठेतल्या एखाद्या गल्लीत उभी राहा, ओस रस्ता फुकट मिळेल. कॅमेरा मात्र सावलीत ठेव, तापला की बंद पडतो.

गडबड आहे ती नायकाच्या दुःखात. जोशुआ बायकोसाठी, मायासाठी जीव टाकतो. पण त्यांचा संसार आपल्या वाट्याला येतो तो तुकड्यातुकड्यांत: समुद्रकाठचं घर, हसरे चेहरे, की लगेच हल्ला. ती रागावली की काय करते, त्याची कुठली सवय तिला खटकते, काही म्हणजे काही कळत नाही. जिला आपण ओळखतच नाही, तिच्या जाण्याने आपल्याला काय होणार?

आता क्रिस मार्करचा 'ला जेते' हा चित्रपट बघ. १९६२चा, २८ मिनिटांचा, जवळजवळ सगळा स्थिर कृष्णधवल फोटोंचा. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री, दोघं नुसती बागेत फिरतात, संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी बघत रेंगाळतात. मग एका क्षणी, एकदाच, चित्र हलतं: झोपेतली ती डोळे उघडते. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. तोवर तिच्यासोबत वेळ घालवलेला असतो ना आपण!

तुझ्या पटकथेत कोराडीच्या वीज केंद्रातले बाबा चौथ्या पानावर जातात. तोवर त्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे, तेही यंत्राबद्दल. त्याआधी ड्रोनचे सहा शॉट! मला तो माणूस हवाय गं. त्याला मुलीबरोबर तर्री-पोह्यांच्या टपरीवर ने. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, तरी तो आणखी तर्री मागतो. ती न बोलता प्लेट आपल्याकडे ओढते, तो पोहेवाल्याला डोळ्याने खुणावतो. दोघांनाही घाई नसू दे. पुढचं संकट इथे सूचित करू नकोस, आणि पार्श्वसंगीत तर अजिबात नको. बाबा गेल्यावर तीच प्लेट रिकामी दाखवायचा मोह होईल, तो आवर. प्रेक्षकाला ती आपोआप आठवेल.

पंधरा पानांतली पहिली तीन या सकाळला दे. बाबांचं बोलणं तुझ्या घरातलं, वऱ्हाडी वळणाचं असू दे, पुस्तकी नको. खर्डा झाला की पाठव, मग ड्रोनचे किती शॉट ठेवायचे ते बसून ठरवू.

तुझी,
ताई