जीएसटी नंबर टाकला की पत्ता आपोआप येतो, म्हणून मुलीने अकाउंट्स सोडायचं का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इचलकरंजीत कापडाच्या पेढीवर तुम्ही २६ वर्षं दिवाणजी आहात. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षी ६८ टक्के मिळाले, तिला सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) करायचं 'होतं'. पेढीवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. पार्टीचा, म्हणजे ज्याच्याशी व्यवहार आहे त्या व्यापाऱ्याचा, जीएसटी नंबर टाकला आणि नाव, पत्ता, राज्य, नोंदणीचा प्रकार असं सगळं आपोआप भरलं गेलं. त्याच आठवड्यात तुम्ही तिच्यासाठी पुण्यातल्या डेटा सायन्सच्या कोर्सची चौकशी केलीत. फी १ लाख ८० हजार, त्यासाठी कर्ज. "ती काही बोलत नाही, म्हणजे तिला पटलंय," असं लिहून तुम्ही मला विचारलंय, कोर्स चांगला आहे का?

कोर्सचं नंतर बघू. मला अस्वस्थ केलं ते "ती काही बोलत नाही" या वाक्याने. चार पानांच्या पत्रात मुलीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. सीएमए करायचं होतं, हे तुम्ही भूतकाळात लिहिलंत, पण तिने तो विचार सोडल्याचं कुठेच नाही. वडील आपल्यासाठी कर्ज काढायला निघालेत हे दिसत असताना १९ वर्षांची मुलगी गप्प राहते, ती बहुतेक वेळा घरातला ताण आणखी वाढू नये म्हणून. माझ्यासमोर अशा मुली बसतात. आईवडिलांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं की पाच मिनिटांत बोलू लागतात.

आणि स्पष्टच लिहिते, ही भीती तुमची आहे. जे पत्ते तुम्हाला तोंडपाठ होते ते तुमच्या डोळ्यांदेखत कुणीतरी भरून दाखवले, आणि इतक्या वर्षांच्या कामाची किंमत क्षणात उतरल्यासारखं वाटलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्यावरचा उतारा म्हणून मुलीचा रस्ता बदलायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

तुमचा मुख्य गैरसमज असा, की पार्टीची माहिती आपोआप भरली म्हणजे हिशेबाचं काम आपोआप झालं. सॉफ्टवेअर आणतं ती फक्त जीएसटीच्या नोंदीतली माहिती. १५ अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. आता तुमची एखादी निपाणीची पार्टी घ्या, जिचं गोदाम इचलकरंजीत आहे. तिचे नंबर दोन, एक २९ने सुरू होणारा कर्नाटकातला, दुसरा २७ने सुरू होणारा महाराष्ट्रातला. पॅन एकच, कायदेशीर नावही एकच. बिल करताना चुकीचा नंबर निवडला तर माल इचलकरंजीत उतरूनही आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांतल्या व्यवहारावरचा कर लागतो, आणि पार्टीला मिळणारी कराची वजावट दिसते निपाणीच्या नंबरच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या वजावटीच्या तक्त्यात. जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये नसलेली वजावट घेता येत नाही. मग पार्टी पैसे अडवून धरते. माल कुठे उतरतो हे पत्ता आणणाऱ्या सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. एकट्या मालकाचा धंदा असेल तर कायदेशीर नाव म्हणून मालकाचं नाव येतं. बाजार त्याला दुकानाच्या नावाने ओळखतो, म्हणून कुणीतरी दुसरं खातं उघडतं आणि एकाच माणसाची येणी दोन ठिकाणी विभागली जातात. शिवाय आज चालू दिसलेली नोंदणी सहा महिन्यांनी रद्द झाली, तर ते पुन्हा तपासावं लागतं.

तुमच्या गावात याहून मोठी गोष्ट आहे खर्चीवाल्यांची, म्हणजे दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्या यंत्रमागवाल्यांची. वर्षाला २० लाखांच्या आत मजुरी असलेल्या अनेकांकडे जीएसटी नंबरच नसतो, त्यामुळे आपोआप भरायला काही नाही. पण त्यातला एखादा उद्यम नोंदणीतला (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीतला) सूक्ष्म उद्योग असेल, तर त्याची मजुरी लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावी लागते. मुदत चुकली तर तो खर्च आयकरात ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. पार्टीच्या खात्यात हे लिहिलेलं नसेल तर मार्चअखेर तुमच्या शेठजींना जास्त कर भरावा लागेल. ही माहिती जीएसटीच्या नोंदीत येत नाही. कुणीतरी फोन करून, प्रमाणपत्र मागवून ती भरावी लागते.

नुसती बिलं टाइप करणाऱ्याचं काम कमी होणार, हे खरंय. तुमची मुलगी त्यासाठी शिकत नाहीये. सीएमए असो की सीए, बारावीनंतर फाउंडेशन हा पहिला टप्पा किंवा पदवीनंतर थेट इंटरमिजिएट हा पुढचा टप्पा, आणि सीएच्या थेट प्रवेशाला वाणिज्य पदवीत ५५ टक्के लागतात. परीक्षांबद्दल एवढं पुरे.

डेटा सायन्स वाईट नाही. पण जिने तो विषय मागितलाच नाही, तिच्यासाठी कर्ज काढून तो घेऊ नका. तिला पुढे वाटलं तर हिशेबाची समज असलेल्या मुलीला डेटाचं काम शिकणं सोपं जाईल.

त्याऐवजी एक करा. शेठजींची परवानगी घेऊन सुट्टीत तिला महिनाभर पेढीवर बसवा. सगळ्या पार्ट्यांची यादी तिच्या हाती द्या. दुबार खाती, रद्द झालेले नंबर, दोन राज्यांतल्या पार्ट्या, उद्यमवाले खर्चीवाले, सगळं तिला शोधू द्या. कोण कुणाचा भाऊ, कुणाचं गोदाम कुठे, कोण कधी पैसे देतो, हे तुमच्या डोक्यात आहे. ते तिला सांगत जा आणि तिने विचारलं तरच दुरुस्त करा. महिन्याने तिला हे काम आवडलं की कंटाळवाणं वाटलं, ते तिलाच विचारा. कंटाळवाणं वाटलं तर सीएमएचाही पुन्हा विचार करू, माझा हट्ट नाही.

शनिवारी कोर्सवाल्यांचा फोन येणार आहे असं तुम्ही लिहिलंय. "मुलीशी अजून बोललो नाही," एवढंच त्यांना सांगा. सवलतीची मुदत संपते म्हणाले तर संपू द्या.