सप्ताळूला पाला भरपूर, फूल का नाही?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय: "चार वर्षांपूर्वी सिमल्याच्या सहलीतून पीचचं कलम आणून घरामागे लावलं. चिठ्ठीवर 'जुलै एल्बर्टा' लिहिलं होतं. झाड डोक्यावर गेलं, पाला हिरवागार, पण अजून एकही फूल नाही. कोणतं खत देऊ?"

खत देऊच नका. पाला आणखी माजेल, बाकी काही नाही. अडचण झोपेची आहे. पीच म्हणजे आपला सप्ताळू. हे झाड थंडीत पानं गाळून झोपतं आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट जागं होत नाही. ढोबळमानाने ही थंडी ७ अंशांखालच्या तासांत मोजतात. तुमच्या जातीला असे सुमारे ८०० तास लागतात. निफाडला थंडीची लाट आली की पारा ६-७ वर येतो, तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता, पेपरात फोटो येतो. पण ती कडाक्याची थंडी पहाटेचे तीन-चार तास. अशा दहा रात्री धरल्या तरी भरतात चाळीसच तास.

आता तुमच्या मनात येईल, द्राक्षाला डोळे (काडीवरच्या कळ्या) फुटायला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतो, तेच इथे लावलं तर? नको. सप्ताळूचे फुलडोळे नाजूक असतात, मात्रा जरा चढली की जळून गळतात. आणि परसात पोरं खेळतात, तिथे हे विष कशाला?

झाड मात्र उपटू नका. खुंट, म्हणजे कलमाचा मुळांकडचा भाग, चांगला बसलाय. त्यावर कमी थंडीच्या जातीचा डोळा भरून, म्हणजे डोळ्याचं कलम करून घ्या. पंजाबच्या मैदानी भागात शान-ए-पंजाब, अर्ली ग्रँड, फ्लोरडा प्रिन्स या जाती चालतात. फ्लोरडा प्रिन्सला साधारण १५० तास पुरतात. आपल्याकडे तेवढेही दरवर्षी भरतीलच असं नाही, म्हणून झाडाला थोडी मदत करायची. नोव्हेंबरात पाणी हळूहळू तोडून ताण द्या. डिसेंबरअखेर राहिलेली पानं हाताने ओरबाडून काढा आणि डोळे फुगू लागले की पाणी सुरू करा. घरच्यांपुरती फळं निघाली तर समाधान माना. एकरभर लावायचा विचार असेल तर माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे.

छाटणीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, फक्त काडी ओळखा. सप्ताळू गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवरच फुलतो. पेन्सिलीएवढी लालसर काडी हातात घेऊन पेर बघा. बऱ्याच ठिकाणी तीन डोळे शेजारी असतात: मधला बारीक टोकदार, तो पानाचा, दोन्ही बाजूंचे गोल, लव असलेले, ते फुलांचे. सगळे टोकदारच दिसले तर त्या काडीवर यंदा आशा नाही. जुन्या करड्या फांद्या दरवर्षी काढत राहा, मधला भाग वाटीसारखा उघडा ठेवा. फळं सुपारीएवढी झाली की विरळणी करा, दोन फळांत वीतभर अंतर हवं. इथे माया केली की सगळीच फळं बोराएवढी राहतात.

दुसरा प्रश्न राहुरीकडचा: खोडातून डिंक येतोय. आधी डिंक बोटाने बाजूला करा. खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे; छिद्रात तार घालून अळी काढा. नुसताच मधासारखा डिंक असेल तर बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी साचलेलं या झाडाला सोसत नाही. आळं खोडापासून दोन फूट लांब घ्या, बुंध्याला मातीची भर द्या. जखम खरवडून तिथे बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप लावा. झाडावर पानं असताना मात्र बोर्डोची फवारणी करू नका, मोरचुदातल्या तांब्याने सप्ताळूची पानं भाजतात.

साताऱ्याच्या एका ताईंनी विकतच्या फळाची बी लावायचं म्हटलंय. हौस म्हणून लावा. बी ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर उगवते. पण फळ आईसारखं येईलच असं नाही, आणि ते झाड किती थंडी मागेल हेही सांगता येत नाही. बी फोडलीत तर आतला गर मुलांना चाखायला देऊ नका, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं.

निफाडकरांनी जानेवारीत काडीचा जवळून फोटो पाठवावा. डोळे गोल आहेत का, ते त्यावर बघू.